थांग उथळ पाण्याचा

समुद्राचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो बहुतेक खोल पाण्याचा. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, घोड्यांनी भरलेली गलबते अरबस्तानातून निघाली, सुवेजच्या कालव्यातून आगबोटी मुंबईला लागल्या. नकाशावर एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत वाकडी रेघ ओढली की झाला समुद्रप्रवास! पण कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला विचारा. तो सांगेल की, भर समुद्रात भीती असते ती वादळाची आणि ती वर्षातल्या काही दिवसांची. किनाऱ्याजवळ भीती असते ती जमिनीची आणि ती मात्र रोजची.

आपल्या भाषेनेही हा अनुभव जपून ठेवला आहे. पाण्याचा तळ सापडणे म्हणजे थांग लागणे. ज्याचा तळ सापडत नाही ते अथांग. आम्ही कवी मंडळी अथांग या शब्दावर भारीच खूश असतो. मच्छीमाराला मात्र अथांगाशी फारसे कर्तव्य नसते. त्याला थांग हवा असतो आणि तोही हाताच्या मापात. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढी दोरी मावते तेवढी एक वाव. होडीखाली दोन वाव पाणी आहे की अर्धी वाव, यावर त्याची होडी, जाळे आणि जीव अवलंबून असतो. आज बोलायचे आहे ते या अर्ध्या वावेच्या इतिहासाबद्दल.

हा इतिहास फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते छोटे पुस्तक ओळखले जाते. त्यात आपले चौल येते, कल्याण येते. पण लेखकाने सर्वांत जास्त सावधगिरीच्या सूचना दिल्या आहेत त्या भडोचबद्दल. नर्मदेच्या मुखाशी वाळूचे दांडे, खंबायतच्या आखातातली प्रचंड भरती आणि नदीत शिरणारा पाण्याचा लोंढा. परकी गलबते तिथे वाळूत रुतत, कलंडत, फुटत. मग तिथल्या राजाने काय केले? त्याने मच्छीमारांना नोकरीवर ठेवले. हे मच्छीमार ‘त्राप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात, येणाऱ्या गलबताला गाठत, वाळूचे दांडे चुकवीत त्याला आत आणीत. भरतीला चालायचे आणि भरती संपली की खोल डोहात नांगर टाकून थांबायचे, अशी त्यांची रीत होती.

दोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे, मोसमी वारे जाणणारे, अर्धे जग पालथे घालून आलेले नाखुदा भडोचच्या तोंडाशी येऊन थांबत आणि जाळे टाकणाऱ्या माणसाच्या हाती सुकाणू देत. एवढा मोठा समुद्र ओलांडला तरी शेवटचे चार कोस ठाऊक असत ते तिथल्या मच्छीमारालाच.

हे ज्ञान नेमके कसले असते, हे मला पुस्तकातून कळले नाही. माझे गाव राजापूरच्या खाडीकाठचे. आमच्या घरात कुणी मच्छीमार नव्हता, पण शेजार होता दालद्यांचा. दालदी म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान मच्छीमार. कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना एका सप्टेंबरात मी शेजारच्या तांडेलमामूंबरोबर प्रथमच मासेमारीला गेलो. उलांडीची होडी होती. म्हणजे होडीच्या एका बाजूला, पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका दोन आडव्या दांड्यांनी जोडलेला, तोल राखण्यासाठी. जायचे होते ते फार लांब नव्हे, खाडीच्या तोंडाबाहेर, जमीन सतत दिसत राहील इतकेच. पण तीस-पस्तीस वर्षे त्या पाण्यात वावरलेले मामू त्या दिवशी एखाद्या परक्या मुलखात शिरल्यासारखे सावध होते. मी कारण विचारले.

ते म्हणाले, “अरे, पावसाळा होऊन गेलाय. चार महिने नदीनं वाळू आणून टाकली, समुद्रानं ती इकडची तिकडं केली. गेल्या सालचं पाणी आता नाही. आता मीही नवा नि तूही नवा.”

त्या एका फेरीत मी जे पाहिले ते सांगतो, कारण पुढचा इतिहास समजायला त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे लाट. खोल पाण्यातून येणारी लाट उथळ तळाशी आली की उंच होते आणि फुटते. साधारणपणे लाटेच्या उंचीच्या सव्वापट खोली उरली की ती फुटते, असे शास्त्र सांगते. मामूंना हे गणित ठाऊक नव्हते, पण पांढरे पाणी कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, हे ते बराच वेळ थांबून पाहत होते. जिथे लाट न फुटता आत येते तिथे वाट आहे. पाण्याच्या रंगाचा मात्र सप्टेंबरात उपयोग नाही. एरवी वाळूवरचे पाणी फिकट आणि कातळावरचे काळपट दिसते, पण पावसाचा गढूळपणा असेपर्यंत डोळ्यांवर विसंबायचे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खुणा. समुद्रात रस्ता दाखवायला काही नसते, म्हणून तो जमिनीवर शोधायचा. जवळचे एखादे झाड आणि मागच्या डोंगराचा सुळका एका रेषेत आले की त्या रेषेवर राहायचे. दुसरीकडे मशिदीचा मिनार आणि टेकडीची घळ जुळली की वळायचे. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण. प्रत्येक खडपाला अशा खुणा होत्या आणि प्रत्येक खडपाला नाव होते. काही नावे आकारावरून पडलेली, काही माशांवरून, काही तिथे फुटलेल्या गलबतावरून.

तिसरी गोष्ट म्हणजे हाताने घेतलेला थांग. होडीच्या नाळेवर एक मुलगा बांबू घेऊन उभा होता. तो बांबू तळाला टेकवी आणि नुसत्या हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून ओरडून सांगे, चिखल, वाळू, कातळ. चिखल म्हणजे कोळंबीची आशा. वाळू म्हणजे मुडदुशी मिळतील. कातळ म्हणजे जाळे फाटणार, तिथून निघायचे. म्हणजे तळ विचारायचा तो होडी वाचवण्यासाठी आणि पोट भरण्यासाठीही. मोठ्या गलबतांवर याच कामाला शिशाचे वजन बांधलेली दोरी असे. शिशाच्या तळाला चरबी लावलेली असायची. तिला चिकटून वर येणारी वाळू किंवा शिंपले पाहून नाखुदा आपण कुठे आहोत ते ओळखी.

चौथी गोष्ट म्हणजे वेळ. कोकणात भरतीचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, थोड्याफार मिनिटांच्या फरकाने. चंद्रामागे भरती रोज सुमारे पाऊण तास मागे पडत जाते, म्हणून हा हिशेब जमतो. मामूंच्या घरी महिने मोजले जात ते चांद दिसल्यापासून. त्यामुळे ते घरच्या तारखेत एक-दोन दिवस मिळवून तिथी काढीत आणि तिथीवरून पाणी सांगत. दोन्ही पंचांगे त्यांच्या बोटांच्या पेरांवर होती, कारण दोन्हींचा चंद्र एकच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते, म्हणून एरवी बुडालेले खडप उधाणाच्या ओहोटीला डोके वर काढते. अनोळखी पाण्याची ओळख करून घ्यायची ती अशा ओहोटीला, किनाऱ्यावर उभे राहून. आणि आत शिरायचे ते मात्र चढत्या पाण्यावर. चढत्या पाण्यात होडी रुतली तर तेच पाणी तिला उचलते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढची भरती येईपर्यंत होडी कलंडून पडणार.

आता या चार गोष्टी मनात ठेवून इतिहासाकडे पाहा.

आमचे राजापूर घ्या. अर्जुना नदीच्या काठचे हे गाव समुद्रापासून चांगलेच आत. तरीही सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली होती. मोठी जहाजे खाडीच्या तोंडाशी जैतापूरला नांगरायची आणि माल लहान होड्यांतून भरतीच्या पाण्यावर वर चढायचा. बंदराची सगळी भरभराट या होडीवाल्यांच्या अंदाजावर उभी होती. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी होत गेली, आणि राजापूर बंदर म्हणून मागे पडले. कोकणातल्या कितीतरी खाडीबंदरांची हीच कहाणी आहे.

किंवा १६७९ सालची खांदेरीची लढाई घ्या. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे लहानसे बेट आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी बेटावर माणसे उतरवून तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उभा राहतो म्हटल्यावर इंग्रज हादरले. त्यांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. सप्टेंबरात झालेल्या चकमकीत त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. पण इंग्रजांना खरा ताप दिला तो बेटावर रोज पोहोचणाऱ्या लहान होड्यांनी. दगड, चुना, धान्य, माणसे घेऊन या होड्या रात्रीच्या अंधारात थळच्या किनाऱ्यावरून निघत आणि बेटाला लागत. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या पाण्यात त्यांचा पाठलाग करता येईना. वारा पडला की शिडाचे जहाज जागच्या जागी थिजते, वल्ह्याची होडी मात्र चालत राहते. इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रांत या चपळ होड्यांबद्दलची तक्रार वारंवार येते.

ऑक्टोबरच्या १८ तारखेला दौलतखान यांच्या हाताखालच्या मराठी आरमाराने हल्ला केला. इंग्रजांचे ‘डोव्हर’ मराठ्यांच्या हाती पडले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र नेटाने तोफा चालवल्या, तेव्हा मराठी गलबते मागे फिरली आणि खाडीच्या तोंडावरच्या उथळ पाण्यात शिरली. ‘रिव्हेंज’ला तिथे थांबावे लागले. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत आपली गलबते टिकली नसती, हे मान्य करायला हवे. पण त्यांना उथळ पाणी माहीत होते, आणि त्यामुळे माघार घेतली तरी ती हार ठरली नाही. वेढा चालू राहिला, तटबंदीही चालू राहिली. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समेट केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

इतिहासात मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची नावे आहेत, ते योग्यच आहे. थळच्या किनाऱ्यावरून अंधारात होड्या काढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. ते रात्री कोणती खूण धरून जात असतील? थळची एखादी टेकडी, की खडपावर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज?

पुढे इंग्रज शिकले. पाऊणशे वर्षांनी, १७५५ च्या अखेरीस, तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर चाल करण्याचे ठरले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. त्या काळी विजयदुर्ग समुद्राकडून अजिंक्य मानला जाई. मोठे आरमार पाठवण्याआधी इंग्रजांनी कमोडोर विल्यम जेम्स याला पुढे पाठवले. त्याने किल्ल्यासमोरच्या पाण्याचा थांग घेतला आणि मोठी लढाऊ जहाजे माऱ्याच्या टप्प्यापर्यंत आत जाऊ शकतील इतकी खोली आहे, असे कळवले. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजे तशीच आत गेली. आंग्र्यांचे आरमार जळाले आणि किल्ला पडला. आंग्र्यांच्या आरमाराचा दबदबा मोठा होता, तोफाही होत्या. पण शिसे बांधलेली एक दोरी आधी त्या पाण्यात उतरून गेली होती.

इथून पुढे उथळ पाण्याचे ज्ञान कागदावर उतरू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन मॅक्लूर या मुंबईच्या दर्यावर्दी अधिकाऱ्याने पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली. जेम्स हॉर्सबर्ग या स्कॉटिश खलाशाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १७८६ मध्ये त्याचे जहाज चुकीच्या नकाशांमुळे हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर आपटून फुटले. तो वाचला आणि त्याने आयुष्यभर एकच काम केले. दिसेल त्या किनाऱ्याच्या खोलीच्या, खडकांच्या, प्रवाहांच्या नोंदी जमवल्या. १८०९ पासून छापला गेलेला त्याचा मार्गदर्शक ग्रंथ पुढे कित्येक वर्षे जहाजांवर असे. दीपगृहेही उभी राहिली. खांदेरीचा दिवा १८६७ मध्ये लागला, कुलाब्याच्या दक्षिणेच्या खडकावरचे प्राँग्ज दीपगृह १८७५ मध्ये. या दिव्यांनी आणि नकाशांनी किती जीव वाचवले असतील, त्याची मोजदाद नाही. आज आपल्या समुद्राचे नकाशे तयार करणारे नौदलाचे कार्यालय डोंगरातल्या देहरादूनला आहे, हीदेखील एक गंमतच.

मात्र नकाशाची एक मर्यादा असते. मोजणीच्या दिवशीचे पाणी तो सांगतो. कातळ शंभर वर्षे जागचा हलत नाही, वाळू एका पावसात हलते. शिवाय मोठ्या बंदरांची मोजणी पुन्हा पुन्हा होते, लहान खाडीच्या तोंडाची कोण करणार? तिथे आजही मामूंची रीतच चालते. नारळी पौर्णिमेनंतर अनुभवी तांडेलाची होडी पुढे निघते, तिच्यामागून बाकीच्या, आणि वर्षाची नवी वाट ठरते.

आता होड्यांवर यंत्रे आली आहेत. आपण कुठे आहोत ते उपग्रह सांगतो, खाली किती पाणी आहे ते पडद्यावर दिसते. मला त्याचा आनंदच आहे. धुक्यात, रात्री, वादळात या यंत्रांनी माणसे घरी आणली आहेत. पण पडदा होडीखालचे पाणी दाखवतो, समोरचे खडप नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळ, अरबी समुद्रातल्या नियोजित शिवस्मारकाच्या ठिकाणी निघालेली एक स्पीडबोट खडकावर आदळली आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला. ही जागा काही कुणाला ठाऊक नसलेली नव्हती. देशातल्या एका गजबजलेल्या बंदराचे तोंड ते. दीडशे वर्षे तिथल्या खडकांवर दिवे जळत आहेत आणि पिढ्यान्पिढ्या कोळी तिथे जाळी टाकत आले आहेत.

मला काळजी वाटते ती वेगळीच. हे ज्ञान कधीच लिहिले गेले नाही, कारण लिहिण्याची गरज नव्हती. बापाच्या होडीत मुलगा बसत होता. आता मुलगा मुंबईला किंवा आखातात नोकरीला जातो, आणि गेलाच पाहिजे, लहान होडीवर आता घर चालत नाही. मोठ्या यांत्रिक नौका दूरच्या पाण्यात जातात, त्यांना खाडीच्या तोंडाची वाट तेवढी हवी असते. मधली खडपे, त्यांची नावे, त्यांच्या खुणा कुणाला लागत नाहीत. ज्या झाडाची खूण धरायची ते झाड रस्त्यासाठी तुटते, ज्या डोंगराची घळ पाहायची तिच्यापुढे इमारत उभी राहते. खूण गेली की नाव जाते, आणि नाव गेले की ते खडप पुन्हा अनोळखी होते. मग पहिल्यांदाच येणाऱ्या पर्यटकाला किंवा नवशिक्या तांडेलाला त्याची ओळख होणार ती होडी आपटल्यावर.

यावर उपाय अगदीच अवघड नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात शाळा आहे आणि प्रत्येक गावात जाळी विणत बसलेले चार म्हातारे आहेत. शिक्षकांनी गावाच्या किनाऱ्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावावा आणि मुलांनी आजोबांना विचारून तो भरावा. हे खडप कोणते, त्याचे नाव काय, ते कोणत्या दोन खुणांवर सापडते, कोणत्या तिथीला उघडे पडते, कोणत्या भरतीला त्यावरून होडी जाते, तिथे कोणती मासळी लागते. सरकारी नकाशात अशी माहिती नाही आणि ती द्यायला आज माणसे आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी असतील, याची खात्री कोण देणार?

एक गोष्ट मात्र मुलांकडून आवर्जून करून घ्यावी. वाळूचा दांडा काढला की शेजारी त्या दिवसाची तारीख घालावी. पुढच्या पावसाळ्यानंतर तो तिथे असेलच असे नाही.